पाडव्याची भेंडी

वसंत ऋतूविषयी माझे मत फार वाईट आहे आणि ते मी पूर्ण विचाराअंती बनवलेले आहे. कवींचे आणि कोकिळांचे काय असेल ते असो, त्यांना भाजी लावायची नसते. कोकीळ कुटुंबाला तर घरटेसुद्धा बांधायचे नसते. ते खाते त्यांनी कावळ्याकडे वर्ग केलेले असते, तेव्हा गाण्याबजावण्याला सवड मिळते यात नवल काय? पण ज्याच्या घरामागे बारा फूट बाय अठरा फूट का होईना, उघडी जमीन आहे आणि त्या जमिनीतून रोजच्या पोळीबरोबर काही हिरवे निघावे अशी ज्याची इच्छा आहे, त्याने वसंताच्या नादी लागू नये. आपल्याकडे, निदान आमच्या बार्शीकडच्या काळ्या मातीत आणि पांढऱ्या उन्हात, हा भाजी लावायचा ऋतू नव्हे. आधी लावलेली भाजी जगवायचा आहे. हे एवढेसे वाक्य कोणी मोठ्याने बोलत नाही, म्हणून आमच्या गल्लीतल्या चार परसांवर फरशी बसली आणि पाचव्याचे माप घेऊन झाले. मी हे लिहितो आहे ते त्या पाचव्या परसासाठी.

फाल्गुन संपत आला की मोबाईलवर गुलाबी फुलांची चित्रे येऊ लागतात. ती फुले ज्या झाडाची असतात ते झाड आमच्या तालुक्यात कोणी पाहिलेले नाही. खाली लिहिलेले असते, 'वसंत आला, चला बाग फुलवू या!' रविवारच्या पुरवणीत कोणीतरी ताई घरच्या घरी टोमॅटो पिकवायला शिकवतात. आणि पाडव्याच्या दोन दिवस आधी रोपांचा टेम्पो भोंगा वाजवत गल्लीत शिरतो. टोमॅटो, वांगी, मिरची, शिवाय पुड्यांतून पालकाचे आणि कोथिंबिरीचे बी. पाडवा म्हणजे साडेतीन मुहूर्तांतला अख्खा एक मुहूर्त. काहीतरी नवे घेतलेच पाहिजे. सोने परवडत नाही, तेव्हा माणसे टोमॅटो घेतात.

पुढचे सगळे मी गेली अठरा वर्षे पाहत आलो आहे. चैत्रात रोप धरते. पाने येतात. घरातले सगळे सकाळचा चहा घेऊन रोपाभोवती उभे राहतात. मग पिवळी फुले येतात आणि कोणीतरी चटणीची भाषा बोलू लागते. तेवढ्यात पारा माझ्यासारखीच चाळिशी ओलांडतो आणि फुले देठासकट गळून पडायला लागतात. टोमॅटोचा स्वभावच तसा आहे. दिवसाचे ऊन पस्तीसच्या वर गेले आणि रात्रही गार होईना, की त्याचे पराग निकामी होतात आणि फळ धरत नाही. मग तुम्ही मुळाशी शेणखत घाला, पाणी घाला, नाहीतर अश्रू घाला. झाड हिरवेगार राहते आणि टोमॅटो मंडईतून येतात. (जुन्नर-नारायणगावचे शेतकरी उन्हाळ्यातही टोमॅटो काढतात, हे मला कोणी सांगू नये. त्यांची हवा निराळी, ठिबक निराळे, मल्चिंगचा कागद निराळा आणि अनुभव तर फारच निराळा.)

पालक बोटभर वाढतो आणि तुरा काढून मोकळा होतो. कोथिंबिरीला तर मुळात उगवायचेच नसते. उगवलीच तर चार पानांवर फुलावर येते. नोकरीवर रुजू झाल्या दिवशीच स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज टाकणारा एखादा असावा, तसा तिचा प्रकार.

मे महिन्यात सगळे वाळते. वाळायलाही हरकत नाही, झाडेच ती. माझा आक्षेप आहे तो त्यानंतर बोलल्या जाणाऱ्या वाक्याला. ते वाक्य असे : 'आमच्या हाताला झाडे लागत नाहीत हो.'

हे वाक्य मी इतक्या घरांत, इतक्या खचलेल्या आवाजात ऐकले आहे की ते एकदा कायद्याने बंद करावे असे मला वाटते. हाताचा इथे संबंध काय? ज्या हातांनी चाळीस वर्षे ज्वारीच्या भाकऱ्या थापल्या, पोरे वाढवली, सासूबाईंचे पथ्यपाणी केले, त्या हातांत एका टोमॅटोपुरते विष कुठून येणार? हात ठीक आहेत. तारीख चुकली आहे. आमच्याकडे कोणी चार महिन्यांपूर्वीचा चेक घेऊन आला, तर आम्ही तो परत करतो. चेक तीन महिने चालतो. २०१२च्या एप्रिलपूर्वी सहा महिने चालायचा, ते दिवस गेले. पण चेक परत करताना काउंटरवरचा माणूस 'तुमच्या सहीला गुण नाही' असे म्हणत नाही. तारीख बघा म्हणतो. भाजीच्या बाबतीत मात्र तारीख कोणी बघत नाही, सगळे आपापल्या सहीला दोष देतात.

बरे, तारीख काही गुप्त ठेवलेली नाही. आपल्या पंचांगात वसंताच्या दोन तारखा आहेत. एक चैत्राची, जी सगळ्यांना पाठ आहे. दुसरी माघ शुद्ध पंचमी, म्हणजे वसंत पंचमी. ती आपल्याकडे शाळेतल्या सरस्वतीपूजनापुरती उरली आहे. त्या दिवशी पंढरपुरात विठ्ठल-रुक्मिणीचे लग्न लागते. आता हिशेब बघा. २०२५ साली वसंत पंचमी २ फेब्रुवारीला होती आणि पाडवा ३० मार्चला. मध्ये दिवस छप्पन्न. भेंडी पेरल्यापासून पन्नास दिवसांच्या आसपास पहिला तोडा देते. म्हणजे विठोबाच्या लग्नाच्या अक्षता टाकून घरी आल्यावर ज्याने रात्री भेंडीचे बी भिजत घातले आणि दुसऱ्या दिवशी पेरले, त्याच्या ताटात पाडव्याला श्रीखंडाच्या शेजारी घरची भेंडी होती. आणि ज्याने पाडव्याच्या मुहूर्तावर बियांची पुडी फोडली, त्याच्या ताटातही भेंडी होती, पण ती पावशेरावर मोजून आणलेली.

कृषी खात्याची माणसे हेच कोरड्या भाषेत सांगतात. भेंडी, गवार, काकडी, दुधी, दोडका, कारले यांची उन्हाळी लागवड जानेवारी-फेब्रुवारीत. सातबाऱ्यावर हंगाम लिहितात तेव्हा खरीप लिहितात, रब्बी लिहितात, उन्हाळी लिहितात. वसंत नावाचा हंगाम तलाठ्याने लिहिलेला मी अजून पाहिला नाही, आणि तलाठ्याच्या हातून सहसा काही लिहायचे राहत नाही.

मग हा वसंताचा घोळ आला कुठून? माझा संशय पुस्तकांवर आहे. बागकामाची जी चित्रमय पुस्तके आपण चाळतो ती मूळची गार मुलखातली. तिकडे हिवाळ्यात जमीन थिजते. शेवटचे हिम पडून गेले की मगच रोप बाहेर काढायचे, त्याआधी काढले तर ते एका रात्रीत काळे पडते. तेव्हा त्यांच्या बागेचे सारे वेळापत्रक त्या शेवटच्या थंडीवर बेतलेले. त्यांना वसंत म्हणजे तुरुंगातून सुटल्यासारखा. आपल्याकडे त्याच वसंतात वॉरंट निघते! आपल्या भाजीचा शत्रू थंडी नाही, ऊन आहे. तेव्हा आपले वेळापत्रक उन्हाकडून उलटे मोजत आणायला हवे. वैशाखाचा वणवा पेटायच्या आत वेल मांडवावर चढलेला पाहिजे, मूळ खोल गेलेले पाहिजे, पानांची सावली बुंध्यावर पडली पाहिजे. चैत्रात जन्मलेल्या कोवळ्या रोपाला एवढे सगळे महिन्याभरात उरकायला सांगणे म्हणजे पहिलीतल्या पोराला थेट बोर्डाच्या परीक्षेला बसवणे होय.

साहेबाने आपल्याला दुसरीही एक भेट दिली. १८६७ साली हिंदुस्थानचे आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू करून दिले. तेव्हापासून मार्च अखेर ही सरकारी माणसांना चिकटली. बँका बरीच वर्षे शहाण्या होत्या, आमचे वर्ष ३१ डिसेंबरला संपायचे. १९८९पासून तेही ३१ मार्चवर आले. आमच्या शाखेतले निवृत्त हेडक्लार्क सांगत असत की जुन्या काळी क्लोजिंग आटोपून माणूस जानेवारीत मोकळा व्हायचा आणि त्याच्या भेंड्या बघायला लोक यायचे. यात आठवणीचे व्याज किती आणि मुद्दल किती ते मी सांगू शकत नाही. पण तर्क बिनतोड आहे. आज जानेवारी-फेब्रुवारीत आमच्या डोक्यावर टार्गेट असते, मार्चमध्ये क्लोजिंग असते, आणि १ एप्रिलला डोळे उघडतात तेव्हा टेम्पोवाला दारात उभा असतो. २०१५च्या सप्टेंबरपासून आम्हाला दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टी मिळू लागली, हे मात्र शेतीच्या दृष्टीने भारतातील बँकिंगचे सर्वांत मोठे कार्य आहे असे मी मानतो. फेब्रुवारीतले दोन शनिवार नीट वापरले तर उन्हाळा निघतो.

आता कोणी म्हणेल, सगळे माघातच करायचे तर चैत्रात काय हात बांधून बसायचे? अहो, चैत्रात हात बांधायला वेळ कोणाला आहे?

दुधीचेच घ्या. वेल मांडवावर चढतो, पांढरी शुभ्र फुले येतात आणि आठवडाभर नुसती येतच राहतात. दुधी मात्र एकही नाही. मग शेजारीण म्हणते, दृष्ट लागली, काळी बाहुली बांधा. बाहुलीचा काही उपयोग नाही, कारण ती सगळी फुले नराची असतात. दुधीच्या वेलावर आधी नरफुले येतात, मादीफुले मागाहून. त्यात दिवस मोठा आणि ऊन कडक झाले की नरांचीच भरती चालू राहते. माझ्या लहानपणी वडिलांबरोबर बँकेत गेलो की काउंटरमागे जसे दिसायचे तसे. यावर उपाय असा की वेल वाढीला लागला की त्याचा शेंडा खुडायचा. मग बगलफांद्या फुटतात आणि मादीफुले लवकर येतात. मादीफूल ओळखायला सोपे. फुलाच्या मागे करंगळीच्या पेराएवढा दुधी आधीच लावून दिलेला असतो.

पण तो लावून दिलेला दुधी वाढेलच असे नाही. दुधीचे फूल संध्याकाळी उमलते आणि त्या वेळी आमच्या गल्लीत मधमाशी नसते, डास असतात. डास या कामाचे नाहीत. तेव्हा लग्न आपल्यालाच लावावे लागते. नरफूल तोडायचे, पाकळ्या सोलायच्या आणि आतला परागाचा दांडा मादीफुलाच्या मध्यावर हलकेच फिरवायचा. मुहूर्त गोरज. क्लोजिंगच्या आठवड्यात मी रात्री साडेसातला घरी येतो, बूट न काढता परसात जातो आणि टॉर्चच्या उजेडात तीन-चार लग्ने लावून मग जेवायला बसतो. दोडका याच वेळेचा, त्यामुळे सामुदायिक विवाह उरकतो. काकडी, कारले आणि तांबडा भोपळा यांचा मुहूर्त मात्र पहाटेचा. दहाच्या आत फुले मिटायला लागतात, म्हणून ते खाते सौ.कडे आहे. लग्न लागले नाही तर तो करंगळीएवढा दुधी तीन-चार दिवसांत पिवळा पडून गळतो आणि लागले तर आठवड्यात मनगटाएवढा होतो. शाखेत आमचा ताळेबंद एकदाचा जुळतो तेव्हासुद्धा मला एवढा आनंद होत नाही. निदान त्याची भाजी करता येत नाही.

मग लाल भुंगेरे. काकडी-भोपळ्याचे बी उगवून पहिली दोन जाड पाने वर आली की हे नारिंगी रंगाचे, तांदळापेक्षा जरा मोठे किडे कुठून येतात कोण जाणे, आणि पानांची चाळण करून टाकतात. त्यांचाही हंगाम वसंतच! माघात पेरलेला वेल तोवर हातभर झालेला असतो, तो चार पाने गमावून पुढे जातो. पाडव्याला पेरलेल्याकडे गमवायला मुळात दोनच पाने असतात. पहाटे हे किडे गारठ्याने सुस्त असतात. तेव्हाच ते वेचून साबणाच्या पाण्यात टाकावे. ऊन चढल्यावर त्यांच्यामागे धावणाऱ्या माणसाकडे लोक बघत राहतात.

माव्याला आणि तुडतुड्यांना निंबोळी अर्क. पन्नास ग्रॅम कुटलेली निंबोळी लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवायची, फडक्यातून गाळायची, साबणाचा चुरा टाकून संध्याकाळी फवारायची. हा झाला पाच टक्के अर्क. आमच्या बचत खात्यावर एवढे टक्के मिळत नाहीत. गंमत अशी की औषध लागते फाल्गुन-चैत्रात आणि निंबोळ्या पिकून पडतात ज्येष्ठ-आषाढात. म्हणजे यंदाच्या माव्याची तरतूद गेल्या पावसाळ्यातच करून ठेवावी लागते. ऐनवेळी निंबोळ्या मागायला येणाऱ्यांसाठी मी एक डबा वेगळा ठेवला आहे. कढीपत्त्याच्या झाडावर तर साऱ्या गल्लीचा ओव्हरड्राफ्ट आहे, त्याची वसुली मी कधीच सोडून दिली.

आणि खरे काम पाण्याचे. यात कडूनिंबासारखा मित्र नाही. पाडव्याला आपण त्याची कोवळी पाने खातो, पण त्याआधी महिनाभर तो जुनी पाने अंगणात ओतत असतो आणि आपण ती झाडून, ढीग करून पेटवून देतो. ती पाने बोट-दोन बोटे जाडीने वाफ्यावर पसरावीत. उसाचे पाचट मिळाले तर उत्तमच. काळी माती उघडी राहिली की भेगाळते आणि भेगेतून उरलीसुरली ओल उडून जाते. झाकली की तेच पाणी दुप्पट पुरल्यासारखे वाटते. नवा माठ आणला की गळका माठ वांग्यांच्या मधोमध गळ्यापर्यंत पुरावा आणि भरून वर झाकण ठेवावे. तो आपला मुळाशी पाझरत राहतो. वर सौ.ची जुनी सुती साडी पश्चिमेकडून बांधावी. ती साडी अजून जुनी झालेली नाही यावर घरात चर्चा होते, ती फेब्रुवारीतच उरकून घ्यावी. पाणी द्यायचे ते पहाटे नाहीतर दिवेलागणीला. तांदूळ-डाळ धुतलेले, भाजी धुतलेले पाणी धरून माझ्या सगळ्या वाफ्यांना दिवसाला दोन बादल्या लागतात. समोरच्या मोटारीच्या आंघोळीला किती लागतात ते मी मोजत नाही. मोजले तर बोलणे होईल.

आणि चैत्रात काही पेरायचेच असेल, हात स्वस्थ बसतच नसतील, तर तांदुळजा पेरा. राजगिरा पेरा. त्यांना ऊन मानवते. मोरीच्या पाण्यावर अळू लावा. घोळ तर न पेरता फरशीच्या सांध्यातून उगवते आणि तिची डाळ घालून केलेली भाजी फार सुरेख होते. पण टेम्पोवाला घोळ विकत नाही, म्हणून ती तण.

आता माझ्या मेहुण्यांकडे वळतो. तेही वाणिज्य शाखेचे पदवीधर आहेत, त्यामुळे आमचे भांडण तांत्रिक असते. दर उन्हाळ्यात ते येतात, भेंडी खातात आणि बोटे चाटत म्हणतात, "दाजी, ही भेंडी तुम्हाला किलोला तीनशेच्या खाली पडत नाही. बी धरा, खत धरा, पिंप धरा, पाणी धरा, तुमचा वेळ धरा."

हा हिशेब हल्ली बरीच शहाणी माणसे करतात म्हणून त्याचे उत्तर द्यायला हवे. पिंप मी सात वर्षांपूर्वी घेतले. ते भांडवली खर्चात जाते, त्यावर घसारा काढायचा असतो. ते सगळेच्या सगळे यंदाच्या पहिल्या भेंडीच्या नावे टाकणारा विद्यार्थी दुसऱ्या वर्षाला कॉस्टिंगमध्ये बसायचा. बी मी दरवर्षी एका चांगल्या झाडावरच्या चार भेंड्या वाळवून धरतो. त्यासाठी संकरित बी न घेता परभणीच्या कृषी विद्यापीठाची 'परभणी क्रांती' एकदा आणली होती. तिच्यावर पाने पिवळी पाडणारा केवडा सहसा पडत नाही आणि बी पुन्हा वापरता येते. खत म्हणजे घरातल्याच भाजीच्या देठांचे. राहिला माझा वेळ. रविवारी सकाळी सात ते आठ या वेळेत मला बाजारात काय दर मिळतो? कोणीही देत नाही. तो तास मी वाफ्यात घालवला नाही तर मेहुण्यांचे बोलणे ऐकण्यात जाईल. अर्थशास्त्रात ज्याला संधी-खर्च म्हणतात तो येथे उणे आहे.

शिवाय भेंडीचा भाव कोणत्या भेंडीशी ताडून बघायचा? सकाळी तोडून दुपारी कढईत पडलेल्या भेंडीचा बाजारात भावच निघत नाही, कारण ती बाजारात नसतेच. तेरा झाडांवरून दिवसाआड पाऊण पाव निघते. एक दिवस तोडायची राहिली तर बोटभराची वीतभर होते आणि विळीला दाद देत नाही. म्हणून लग्नकार्याला गावाला जातानासुद्धा कोणालातरी 'भेंडी तोडून घ्या हो' असे सांगून जावे लागते. आमच्या गल्लीत चार घरांचे बोलणे अजून टिकून आहे ते या निरोपावर. मेहुण्यांच्या इमारतीत भेंडी नाही. सातव्या मजल्यावर राहणाऱ्यांना आठव्याचे नाव माहीत नाही.

मेहुणे यावर म्हणाले, "मग टेरेसवर पिशव्यांत लावता येते की." येते. लावा. पण माघात लावा.

आता फरशीविषयी. पहिल्या घराने परस झाकले कारण टोमॅटो येईनात. दुसऱ्याने झाकले कारण पहिल्याचे स्वच्छ दिसत होते. तिसऱ्याने मोटारसायकली लावायला, चौथ्याने तिसऱ्याकडे पाहून. प्रत्येकाने मला वेगवेगळे कारण सांगितले आणि शेवटी तेच वाक्य जोडले : 'तसेही आमच्या हाताला काही लागत नाही.' आता त्या चारही घरांत स्वयंपाकघराची मागची खिडकी दुपारी उघडत नाहीत, कारण फरशीची झळ आत येते. पावसाचे पाणी पूर्वी परसात मुरायचे. आता ते चौघांचे मिळून गल्लीच्या तोंडाशी जमते आणि पोरे त्यात होड्या सोडतात. पोरे खूश आहेत. बोअरला पाणी उतरत नाही म्हणून मोठी माणसे खूश नाहीत, पण बोअर आणि फरशी यांचा संबंध जोडायला कोणी तयार नाही. सगळे म्हणतात, पाऊसच पहिल्यासारखा राहिला नाही.

पाचवे परस आमच्या शेजारच्या बाईंचे. बाई चौतीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकवून निवृत्त झाल्या. माझ्या मुलीला बे एके बे त्यांनी शिकवले. यजमान गेल्यापासून एकट्याच असतात. दर पाडव्याला त्या टेम्पोवरून सहा टोमॅटो आणि चार वांगी घेतात, दर वैशाखात ती वाळतात. यंदा वाळली तेव्हा त्या कुंपणापाशी येऊन म्हणाल्या, "अहो, हे होते तेव्हा सगळे यायचे. त्यांचा हात होता. माझा नाही."

मी त्यांना विचारले, सर लावायचे कधी?

बाई आठवू लागल्या. सर शिक्षकच होते. त्यांची लावणी सरस्वतीपूजनाच्या सुट्टीच्या आसपास असायची, कारण त्यानंतर वार्षिक परीक्षेची कामे सुरू व्हायची आणि पुढे सवड मिळायची नाही. टोमॅटो? टोमॅटो ते नवरात्रात लावायचे, संक्रांतीला वाटायचे. उन्हाळ्यात? उन्हाळ्यात फक्त दुधी आणि गवार, आणि पाणी घालायला मी, बाई म्हणाल्या. भर सुट्टीत, दोन्ही वेळा. सर पेपर तपासत बसायचे.

म्हणजे त्या परसात तीस उन्हाळे भाजी जगली ती कोणाच्या हाताने, असे मी विचारले नाही. बाईंना हातचा मिळवणे शिकवायची गरज नव्हती. त्या थोडा वेळ मांडवाच्या जुन्या खांबाकडे बघत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "वाळलेली काढून टाकू का ठेवू?"

टोमॅटो काढा, वांगी ठेवा, असे मी सांगितले. वांगे चिवट असते. मान्सूनच्या तोंडावर गुडघ्याएवढे ठेवून छाटले की पुन्हा फुटते. आमच्याकडची निंबाची वाळली पाने एक पोतेभर दिली. तांदुळज्याचे बी काड्यापेटीत घालून दिले. ते इतके बारीक असते की चिमूटभर वाळूत मिसळून टाकावे लागते. दुधीच्या सात बिया वेगळ्या पुडीत बांधल्या आणि वर तारीख म्हणून 'वसंत पंचमी' असे लिहिले. ती पुडी त्यांनी देवघरातल्या पंचांगात ठेवली आहे, माघाच्या पानात.

फरशीवाला परवा येऊन गेला. त्याने चौरस फुटाचा दर सांगितला आणि उन्हाळ्यात काम घेतले तर सूट देतो म्हणाला. बाईंनी त्याला सांगितले की बेत जरा पुढे ढकलला आहे. किती पुढे, असे त्याने विचारले. बाई म्हणाल्या, आधी दुधी निघू दे. त्याने परसात पाहिले, तिथे दुधी नव्हता. तो माझ्याकडे बघायला लागला, तेव्हा मी आमच्या बाजूच्या वेलाचा शेंडा खुडायला लागलो.